जोखीम कोणाच्या डोक्यावर?

व्यापारी माणसाच्या तोंडी 'रिस्क' हा शब्द दिवसातून दहादा येतो. "रिस्क घेतल्याशिवाय धंदा नाही," असे म्हणून एक जण नव्या पार्टीला चार लाखांचा माल मुदतीवर सोडतो. "आपण रिस्क घेत नाही," असे म्हणणारा दुसरा आपली सगळी पुंजी एकाच माणसाकडे ठेवून स्वस्थ झोपतो. दोघांनाही विचारावे की ही रिस्क किती, तर उत्तर मिळत नाही. कापडाचा तागा आपण मीटरवर मोजून घेतो, सूत काट्यावर वजन करून घेतो. मग जिच्यामुळे पेढी तरते किंवा बुडते ती जोखीम तेवढी अंदाजपंचे का सोडावी?

तिचा हिसाब मांडायला मोठे गणित लागत नाही. तीन प्रश्न पुरतात. नुकसान होण्याची शक्यता किती? झाले तर फटका केवढा? आणि तो फटका कोणी सोसायचा? पहिल्या दोन प्रश्नांवर विद्वानांनी मोठमोठे ग्रंथ लिहिले आहेत. तिसरा प्रश्न मात्र सौदा करताना क्वचितच कोणी विचारतो, आणि खरी मेख तिथेच आहे.

उधारीचे साधे गणित

आपल्या रोजच्या उधारीपासूनच सुरुवात करू. समजा, एक लाखाच्या विक्रीवर तीन टक्के सुटतात. म्हणजे माल पडला ९७ हजारांना, नफा ३ हजार. एका पार्टीने एक लाख बुडवले, तर आपल्या गाठीचे ९७ हजार गेले. ते भरून काढायला दर लाखामागे तीन हजार या हिशेबाने सुमारे ३२ लाखांची नवी विक्री करावी लागेल, आणि तीही सगळी वसूल झाली पाहिजे. एक पार्टी बुडाली असे आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात ३२ लाखांच्या विक्रीची मेहनत बुडालेली असते.

हेच गणित उलट बाजूने पाहा. शंभर पार्ट्यांना एकेक लाखाचा माल दिला आणि त्यांतल्या तीन बुडाल्या, तर वर्षाचा नफा शून्य. चौथी बुडाली की मुद्दलाला हात लागला. तीन टक्के नफ्यावर धंदा करणाऱ्याला शंभरात तीनपेक्षा जास्त चुकार पार्ट्या परवडत नाहीत, ही त्याची लक्ष्मणरेषा आहे. ती जाणून घ्यायला संगणक नको. गेल्या पाच वर्षांची खातेवही काढावी, एकूण उधारी किती दिली आणि त्यातली किती कायमची अडकली हे एका कागदावर लिहावे. आलेला आकडा पाहून पुष्कळांची झोप उडेल, पण उपयोगही होईल.

आता दुसरा प्रश्न. शंभर पार्ट्यांत विभागलेली एक कोटीची उधारी आणि दोन पार्ट्यांत अडकलेली एक कोटीची उधारी, वहीत आकडा एकच दिसतो. जोखीम मात्र एक नाही. पहिल्या ठिकाणी नफा जाईल, दुसऱ्या ठिकाणी पेढी जाईल. दहा लाखांचे पाच लाख झाले तर तोटा पन्नास टक्के. पण त्या पाचाचे पुन्हा दहा करायचे तर शंभर टक्के कमवावे लागतात. उतार आणि चढ सारखे नसतात. म्हणून नुकसान किती वेळा होईल यापेक्षा एका फटक्यात आपण संपणार तर नाही ना, हे आधी पाहावे.

येथे एक फसगतही होते. दहा पार्ट्या आहेत म्हणून आपण निर्धास्त असतो, पण दहाही जण एकाच गावचे, एकच माल घेणारे, एकाच सणाच्या विक्रीवर अवलंबून असणारे असतील तर त्या दहा पार्ट्या नव्हेतच. एकाचा हंगाम गेला की दहांचा गेला.

विद्वानांचे माप आणि त्याची मर्यादा

जोखमीचे शास्त्र जुने आहे. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या दोघा फ्रेंच गणितज्ञांनी अर्धवट सुटलेल्या जुगाराचे पैसे कसे वाटायचे या प्रश्नावर पत्रव्यवहार केला आणि शक्यतेच्या गणिताचा पाया घातला गेला. जे गणित आज विमा कंपन्या आणि बँका वापरतात, त्याचा उगम जुगाराच्या पटावरचा आहे, हे आपण ध्यानात ठेवलेले बरे.

१९५२ मध्ये हॅरी मार्कोविट्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले की गुंतवणुकीची जोखीम म्हणजे तिच्या भावातील चढउतार धरला, तर तो मोजता येतो, आणि वेगवेगळ्या चालीच्या वस्तू एकत्र ठेवल्या तर तो कमीही होतो. पुढे १९९० च्या दशकात बँकांनी आणखी एक माप रूढ केले. 'शंभरांपैकी नव्व्याण्णव दिवस आपला तोटा अमुक रकमेपेक्षा जास्त होणार नाही,' असे ते सांगते. ऐकायला फार चांगले वाटते. पण उरलेल्या शंभराव्या दिवशी किती तोटा होईल, याविषयी ते माप गप्प असते. पेढ्या बुडतात त्या त्याच दिवशी.

याचा मोठा दाखला म्हणजे अमेरिकेतील 'लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट' हा फंड. त्याच्या भागीदारांत रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स होते. दोघांना १९९७ मध्ये अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला होता. फंडाचे पैसे अनेक देशांत, अनेक प्रकारच्या व्यवहारांत विभागलेले होते आणि त्यांच्या गणितानुसार मोठा तोटा जवळजवळ अशक्य होता. ऑगस्ट १९९८ मध्ये रशियाने आपले कर्ज थकवले, तेव्हा घाबरलेल्या बाजारात निरनिराळे वाटणारे सगळे सौदे एकाच दिशेने घसरले. काही महिन्यांत सुमारे ४६० कोटी डॉलर गेले, आणि अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या पुढाकाराने चौदा बँका व वित्तसंस्थांना सुमारे ३६० कोटी डॉलर घालून तो फंड सावरावा लागला. दहा पार्ट्यांची ती एक पार्टी झाली. शिवाय हे सौदे बव्हंशी कर्जाऊ पैशांवर उभे होते, म्हणून थोडी घसरणही प्राणघातक ठरली.

फ्रँक नाइट या अर्थशास्त्रज्ञाने १९२१ मध्येच एक शहाणपणाचा भेद केला होता. ज्याची शक्यता मोजता येते ती जोखीम, आणि जिची मोजदाद होऊच शकत नाही ती अनिश्चितता. फासा टाकला तर सहा पडण्याची शक्यता सांगता येते. पुढच्या वर्षी कापसाचा भाव काय राहील हे कोणालाच सांगता येत नाही. व्यापाऱ्याचा खरा नफा या दुसऱ्या गोष्टीचे ओझे उचलण्याबद्दल मिळतो, असे नाइट यांचे म्हणणे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मे २०२२ मध्ये कापूस खंडीला, म्हणजे सुमारे ३५६ किलोंना, एक लाख रुपयांच्या वर गेला, आणि २०२३ मध्ये तो ६५ हजारांच्या खाली आलेला होता. ज्याने वरच्या भावाचे सूत घेऊन कापड विणून ठेवले, त्याच्या गोदामात माल तितकाच राहिला. किंमत मात्र विरून गेली.

नफा त्याचा, जो जामीन

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. मागवाल्यांत दोन प्रकार आहेत. एक जण व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणतो. भाव कोसळला तरी त्याची मजुरी ठरलेली. कापडाचा भाव चढला तरी त्यातला पैसा त्याला मिळत नाही. दुसरा स्वतःचे सूत घेतो, स्वतःचे कापड विकतो. चढला तर त्याचा नफा, पडला तर त्याचा तोटा. दोघांच्या कमाईतला फरक हा नशिबाचा किंवा हुशारीचाच नाही. सुताच्या भावाला जामीन कोण राहिला, याचा तो फरक आहे.

'जामीन' हा आपल्या मराठी कोर्टकचेरीतला शब्द अरबी 'जमान' याच मुळातून आला आहे, आणि इस्लामी व्यापारशास्त्राचा एक मोठा नियम याच शब्दावर उभा आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर एक वाद आला होता. खरेदीत दोष निघाला म्हणून ती परत गेली. मधल्या काळातील उत्पन्न कोणाचे? निर्णय असा झाला की, त्या काळात नुकसानीची जबाबदारी ज्याच्यावर होती, उत्पन्नही त्याचेच. फुकहांनी यावरून कायदा बांधला : जबाबदारी आणि नफा हातात हात घालून चालतात. जो तोट्याला जामीन नाही, त्याला नफ्यावर हक्क सांगता येत नाही.

व्याजाची मनाई या दृष्टीने पाहिली की तिच्यातील न्याय नीट कळतो. सावकाराने पाच लाख दिले. सूत महागो, वीज जावो, पूर येवो, त्याचे महिन्याचे पैसे ठरलेले. सगळी अनिश्चितता घेणाऱ्याच्या माथी, आणि घेणारा बहुधा दोघांतला दुबळा. मुदारबतमध्ये याच्या उलट आहे. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत. नफा ठरलेल्या हिश्शाने वाटला जातो. आणि मेहनत करणाऱ्याचा हलगर्जीपणा नसताना तोटा आला, तर भांडवल भांडवलवाल्याचे गेले, मेहनत मेहनतवाल्याची गेली. हजरत खदीजा (र.) यांचा माल घेऊन प्रेषित (स.) शामच्या प्रवासाला गेले होते, ती तिजारत याच प्रकारची मानली जाते.

हाच निकष हातात धरून समाजात फिरणाऱ्या योजना तपासाव्यात. कोणी दर महिन्याला ठरलेला 'हलाल नफा' देतो म्हणाला की एकच प्रश्न विचारावा : तोटा झाला तर कोण सोसणार? "तोटा होणारच नाही," असे उत्तर आले तर तो व्यापार नव्हे. एक तर ते व्याज आहे, नाही तर नव्या माणसाचे पैसे जुन्याला वाटण्याचा खेळ आहे. जून २०१९ मध्ये बंगळूरची आय. एम. ए. ही कंपनी बुडाली, तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबांची बचत, मुलींच्या लग्नाचे पैसे, निवृत्तीची पुंजी अडकून पडली. लोकांनी 'हलाल' ही पाटी वाचली, पण जामीन कोण हे विचारले नाही.

तरुण मुलांत आता मोबाइलवरून फ्युचर्स-ऑप्शन्स खेळण्याचे वेड शिरले आहे. माल नाही, माल घ्यायचा इरादा नाही, केवळ भावाच्या हालचालीवर पैसे लावायचे, ही जोखीम व्यापाराची नसून पटावरची आहे. जोखीम आधीपासून होतीच आणि कोणी तरी ती उचलणे भाग होते, असे तिथे नसते. पैज लावण्यासाठी ती नव्याने तयार केली जाते. भांडवल बाजाराची नियामक संस्था 'सेबी' हिने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, मार्च २०२४ पर्यंतच्या तीन आर्थिक वर्षांत यात उतरलेल्या शंभर वैयक्तिक खेळाडूंपैकी त्र्याण्णव तोट्यात गेल्याचे आढळले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. दुकानात शंभरात तीन पार्ट्या बुडाल्या तर आपण डोक्याला हात लावतो. इथे शंभरात त्र्याण्णव बुडतात आणि आपल्या मुलांना तो धंदा वाटतो.

'सरासरी'चा अर्थ

इंग्रजीतील 'अ‍ॅव्हरेज' म्हणजे सरासरी हा शब्द पुष्कळ कोशकार अरबी 'अवार' या शब्दाशी जोडतात. अवार म्हणजे मालातील ऐब, खराबी. इटलीच्या बंदरांतून तो युरोपात गेला. जहाज वादळात सापडले आणि ते वाचवण्यासाठी एका व्यापाऱ्याच्या गाठी समुद्रात टाकल्या, तर ज्यांचा माल वाचला त्या सर्वांनी आपापल्या मालाच्या प्रमाणात तो तोटा वाटून घ्यायचा, असा दर्यावर्दी व्यापाऱ्यांचा कायदा होता. एकाचे ओझे सर्वांनी उचलणे, हा या शब्दाचा जुना अर्थ.

विम्याच्या कागदावर मात्र या शब्दाने आपल्या लोकांचे नुकसान होते. आगीच्या विम्यात 'सरासरीची अट' असते. समजा, गोदामात वीस लाखांचा माल आहे आणि हप्ता वाचवण्यासाठी विमा दहा लाखांचाच उतरवला. आग लागून चार लाखांचा माल जळाला. पुष्कळांना वाटते, दहा लाखांचा विमा आहे, चार लाख मिळतील. मिळतात दोनच. निम्म्या मालाचा विमा, म्हणून निम्मी भरपाई. उरलेल्या निम्म्याचे विमेदार तुम्ही स्वतः. पाच कोटींपर्यंतच्या लहान उद्योगांसाठी एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आली. तिच्यात पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ केली आहे, त्यापलीकडे नाही. रमजान आणि दिवाळीच्या आधी गोदाम दुप्पट भरते, तेव्हा विम्याची रक्कमही पाहावी. पूर आणि दंगल या गोष्टी आपल्या पॉलिसीत आहेत की वगळल्या आहेत, हे वाचून घ्यावे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी इचलकरंजीच्या सखल भागांत शिरले. पाणी गोदामात यायच्या आधीच कागद वाचावा लागतो.

प्रचलित विम्याविषयी उलेमांत मतभेद आहेत. तो मसला ज्याने त्याने आपल्या मुफ्तींना विचारून ठरवावा. पण विमा घेणार नसाल, तर त्याच्या जागी काय, याचे उत्तर तयार हवे. कुरआनने जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेल्याचाही समावेश केला आहे. म्हणजे प्रामाणिक व्यापाऱ्याचा तोटा समाजाने वाटून घ्यावा, ही तजवीज आपल्या दीनमध्ये आहेच. प्रत्येक बाजारपेठेत आपत्तीसाठी एक सामुदायिक फंड, चोख हिशेबासह, का असू नये?

घरातील जोखीम

दुकानात पैशापैशाचा हिशेब ठेवणारा माणूस घरी मात्र बेफिकीर असतो. विमानाच्या अपघाताची बातमी वाचून आपण हादरतो, आणि त्याच संध्याकाळी हेल्मेटशिवाय मोटारसायकलवर तिघे बसून जातो. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. म्हणजे रोज सुमारे ४६०, आणि दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे बारा. त्यांतील शंभरात ४४ जण दुचाकीवरचे होते. भीती बातमीच्या आकाराची असते, धोका त्याच्या मापाचा नसतो.

सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीत एक तीन मजली इमारत पहाटे कोसळली आणि ३५ हून अधिक माणसे झोपेतच गेली. मोडकळीस आलेल्या इमारतीचे भाडे एक जण घेतो आणि छप्पर दुसऱ्याच्या डोक्यावर पडते. नफा आणि जामिनकी यांची ताटातूट झाली की काय होते, याचे याहून करुण उदाहरण नाही. हेल्मेट न घालणाऱ्यानेही तोच प्रश्न स्वतःला विचारावा. हौस आपली, पण फटका बसेल तो बायकोला आणि लहान मुलांना.

तवक्कुल आणि तजवीज

काही बंधू म्हणतील, नफा-नुकसान अल्लाहच्या हाती. मग हे मोजमाप कशाला? रिज्क अल्लाहच्याच हाती आहे, यात शंका नाही. पण उंट मोकळा सोडून तवक्कुल करू की बांधून, असे विचारणाऱ्याला प्रेषित (स.) यांनी आधी बांधायला सांगितले. हजरत यूसुफ (अ.) यांनी सुकाळाच्या सात वर्षांत धान्य राखून ठेवले, म्हणून दुष्काळाच्या सात वर्षांत मिसर जगला. कुरआनमध्ये मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार घेण्याची आज्ञा आहे. आणि कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवलत देण्याचीही. लिहिणे आणि सवलत देणे, दोन्ही हुकूम एकाच सूरहमध्ये जवळजवळ आले आहेत.

तेव्हा वाचकांनी निदान एवढे करावे, अशी आमची विनंती आहे.

१. एका पार्टीची उधारी आपल्या भांडवलाच्या किती भागापर्यंत जाऊ द्यायची, ही रेघ आजच वहीच्या पहिल्या पानावर ओढावी. ती दोस्तीसाठी आणि नातलगांसाठीही हलवू नये.

२. माल कर्जावर भरू नये. पडत्या भावात स्वतःच्या पैशाचा माल थांबून विकता येतो. कर्जाचा माल थांबू देत नाही.

३. माल बनवणाऱ्या सूक्ष्म आणि लघु कारखानदारांनी 'उद्यम' नोंदणी करून घ्यावी. २००६ च्या कायद्याने त्यांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. केवळ व्यापार करणाऱ्याला हे संरक्षण नाही, म्हणून त्याने लेखी करारावर अधिक भर द्यावा.

४. तीन महिने विक्री पूर्ण बंद राहिली तरी घर आणि कामगारांची मजुरी चालेल, एवढी रोकड बाजूला असावी. २०२० च्या टाळेबंदीत ज्यांच्याकडे ती होती, त्यांचेच माग आधी सुरू झाले.

५. कुठेही पैसे घालताना 'किती मिळेल?' याच्या आधी 'तोटा कोण सोसेल?' हे विचारावे. आणि आपला नफा दुसऱ्याच्या जिवावर किंवा दुबळ्याच्या माथी टाकलेल्या जोखमीवर उभा नाही ना, हेही.

जोखीम टाळता येत नाही, आणि ती टाळण्यात बरकतही नाही. व्यापार तिच्यातूनच चालतो. पण जेवढी झेपेल तेवढीच उचलावी आणि जी उचलली तिचा जामीन स्वतः राहावे. मजुरीवर विणणारा कारागीर, उधारी देणारा लहान दुकानदार आणि पैसे गुंतवणारी विधवा यांच्या माथी आपल्या वाटणीची जोखीम आपल्याकडून जाऊ नये, एवढा हिसाब प्रत्येकाने ठेवावा. तराजूचे हे पारडेही आपल्याला एक दिवस भरून द्यायचे आहे.